अण्णा लिहितायत

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं, त्याला आता तीन वर्षं होतील. डॉक्टरांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि आम्ही तिघांनी, म्हणजे अण्णा, आई आणि मी, ते समजल्यासारखं ऐकून घेतलं होतं. यापुढे श्वास मानेवरच्या छिद्रातून. नाकाला वास जवळजवळ येणार नाही. तोंडातून आवाज येणार नाही. अण्णांनी विचारलं, "जेवण जाईल ना?" डॉक्टर म्हणाले, जाईल. "मग ठीक हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजातलं मला नेमकं आठवतं ते शेवटचं वाक्य हे. त्यानंतरही दोन दिवस ते बोलत होते, पण काय बोलले ते मी लक्षात ठेवलं नाही.

अण्णांनी आयुष्यभर वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर माल विकला. जुन्नरकडून आले होते, विशीत. गाळा त्यांचा नव्हता, मालक दुसरे. पण गिऱ्हाईक वळायचं ते अण्णांच्या आवाजाने. सीवूड्सच्या घरातही ते मीठ मागायचे ते समोरच्या गल्लीत ऐकू जाईल असं. आई दार लावून घ्यायची.

घरी आल्यावर पहिले दोन महिने पाटी होती. लहान मुलांची प्लास्टिकची, खालची पट्टी ओढली की लिहिलेलं पुसलं जाणारी. लक्ष वेधून घ्यायला अण्णा टाळी वाजवायचे. दोन दिवस आईने चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"अहो, टाळ्या वाजवून मला बोलावू नका. मला नाही आवडत."

अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते चमचा ताटलीवर वाजवायला लागले.

गाळ्यावरचे त्यांचे एक जुने सोबती दर रविवारी सकाळी यायचे. तुर्भ्याला राहतात, मी त्यांना काका म्हणते. काका बोलायला लागले की थांबत नाहीत. पूर्वी अण्णा त्यांना मधेच तोडायचे, म्हणून ते दोघांचं बोलणं व्हायचं. एका रविवारी काका कधीचा तरी घाटात अडकलेला कांद्याचा ट्रक सांगत होते. अण्णांनी पाटी ओढली आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर मोठं, हात सावकाश. लिहून होईपर्यंत काका ट्रकवरून सुनेच्या नोकरीवर आणि तिथून गुडघेदुखीवर पोचले होते. अण्णांनी पाटी वर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तो ट्रक आळेफाट्याचा नव्हता.'

काकांनी वाचलं. "कुठला ट्रक?"

अण्णांनी पट्टी ओढून पाटी पुसली, उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. काका माझ्याकडे बघायला लागले. मी चहा आणला.

फोनवर मेसेज लिहून पाठवायचंही करून बघितलं होतं, पण अडचण तीच. पूर्ण लिहायचं, मग पाठवायचं, मग समोरच्याने फोन उघडायचा. तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. त्यातून पत्रव्यवहार होतो, गप्पा होत नाहीत.

मी महापेला एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. मालाच्या गाड्या रस्त्यावर कुठे आहेत ते नकाशावर हलताना दिसावं, हे माझं काम. त्यामुळे काय करायचं हे मला माहीत होतं. नेहमीची वेबसाइट तिकिटाच्या खिडकीसारखी असते. आपण विचारायचं, आतून उत्तर येतं, खिडकी बंद. पुन्हा काही हवं असेल तर पुन्हा विचारायचं. सॉकेट म्हणजे फोन लावून तो कानाला धरून ठेवणं. एकदा जोडणी झाली की दोन्ही बाजूंना हवं तेव्हा, न विचारता, बोलता येतं. गाडी पुढे सरकली की नकाशावरचा ठिपका सरकतो तो यामुळे. मला ठिपक्याच्या जागी अण्णांचं अक्षर हवं होतं. त्यांनी फोनवर 'क' दाबला की त्याच क्षणी आईच्या समोर 'क' दिसायला हवा.

दोन शनिवार-रविवार लागले. जुना लॅपटॉप चपलांच्या कपाटावर, वायफायच्या डबीशेजारी ठेवला. तोच सर्व्हर, म्हणजे सगळा मजकूर ज्याच्यातून इकडून तिकडे जातो ते मधलं यंत्र. एक जुना टॅबलेट स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याच्या वरच्या फळीवर, आईला कुकरजवळ उभं राहून दिसेल असा टेकवला. हॉलमधल्या टीव्हीवरही तेच पान उघडलं. अण्णांच्या फोनवर लिहायची एक रिकामी चौकट, बाकीच्या दोन ठिकाणी मोठी काळी अक्षरं.

पहिल्या दिवशी काहीच धड चाललं नाही. अण्णांनी 'क्षणभर' लिहायला घेतलं, तर पलीकडे पाय मोडलेला क, मग सुटा ष, मग नुसताच गोंधळ दिसला. मराठी अक्षर एका दाबण्यात तयार होत नाही हे मला प्रोग्रॅमर म्हणून ठाऊक होतं, पण विचारात घेतलं नव्हतं. शिवाय फोनचा कीबोर्ड अर्धा शब्द लिहिला की अख्खा शब्द पुढे करतो. अण्णा तो निवडायचे, आणि पलीकडे अर्धा अधिक अख्खा असा दीड शब्द उमटायचा. आई टॅबलेटपुढे चष्मा वर-खाली करत उभी.

"हे काय लिहिलंय यांनी?" ती म्हणाली. "कानडी आहे का?"

मग मी सुटी अक्षरं पाठवणं सोडून दिलं. काही बदललं की चौकटीतला सगळा मजकूर पुन्हा पाठवायचा आणि पलीकडे जुना काढून नवा ठेवायचा. हा उपाय काही हुशारीचा नव्हता, पण टिकला. रविवारी दुपारी अण्णा बेडरूममध्ये पलंगावर बसले आणि लिहायला लागले. मी आईशेजारी उभी होते. टॅबलेटवर आलं, 'चालू हाय का'.

"चालू आहे!" आई ओरडली.

'वरडू नको. मला ऐकू येतं.'

आई हसली. मग टॅबलेटवर च आला, चहा आला. ती आधण ठेवायला वळली.

पुढच्या रविवारी काका आले तेव्हा आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते भाच्याच्या लग्नाचं सांगत होते, तेवढ्यात टीव्हीवर अक्षरं उमटायला लागली. 'ते लग्न मंगळ' एवढं झालं आणि काका बोलता बोलता थांबले. 'मंगळवारी नव्हतं. बुधवारी. मी स्वतः होतो.' काकांनी आधी टीव्हीकडे, मग अण्णांकडे पाहिलं. "मंगळवारीच होतं," ते म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत टीव्हीवर 'बुध' आला होता. त्या दिवशी ते दोघं दीड तास भांडले. काका निघाले तेव्हा अण्णांच्या कपाळावर घाम होता.

त्यानंतर अण्णांनी मार्केटात जायचं मनावर घेतलं. घरातल्या लॅपटॉपपर्यंत घराबाहेरून पोचता येत नाही, म्हणून मी इंटरनेटवर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि सगळं तिकडे हलवलं. तिथे थेट प्रोग्रॅम उघडा ठेवत नाहीत. पुढे एक दारवान बसवावा लागतो, आलेल्या माणसाला आत नेऊन सोडणारा. त्याला सॉकेटबद्दल वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो जोडणी आत जाऊच देत नाही. ते मी सांगितलं. घरात तपासलं, चाललं. काकांच्या फोनवरही पान उघडून दिलं आणि एका गुरुवारी सकाळी दोघं गाळ्यावर गेले. अण्णांच्या गळ्याभोवती आईने शिवलेला पांढऱ्या मलमलीचा रुमाल होता, छिद्रात धूळ जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी घरी आले ते न बोलता. म्हणजे फोन हातात न घेता. जेवण झाल्यावर टीव्हीवर आलं, 'मी बोलत होतो. कुणाला जात नव्हतं. मला कळलं पन नाय.'

काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, पहिली दहा मिनिटं झक्कास चाललं. गाळ्यावरची सगळी माणसं त्यांच्या फोनभोवती गोळा झाली होती. मग अण्णांनी एक कांदा हातात घेतला, दाबून बघितला, दुसरा घेतला. नंतर ते बराच वेळ फोनवर लिहीत होते, पण काकांच्या फोनवर काही आलं नाही. माणसं आपापल्या कामाला गेली.

दोष कुठे आहे ते कळावं म्हणून मी सर्व्हरवर येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट एका फाइलमध्ये नोंदवायला लावली. दोन दिवसांत सापडलं. दारवान मिनिटभर शांतता असली की माणूस गेला असं समजून जोडणी तोडत होता. घरात अण्णा सारखं काही ना काही लिहीत असायचे, म्हणून तिथे हे दिसलं नव्हतं. मार्केटात त्यांनी कांदा पाहायला मिनिटभर घेतलं. मी दर पंचवीस सेकंदांनी फोन आणि सर्व्हर एकमेकांना 'आहेस का', 'आहे' एवढं म्हणतील अशी सोय केली, आणि जोडणी तुटलीच तर अण्णांच्या चौकटीभोवती जाड लाल रेघ येईल अशी. तुटलेली असताना लिहिलेलं नंतर आपोआप पोचेल असंही केलं. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. चाललं का, मी विचारलं. त्यांनी हाताने 'बरं' केलं. नोंदीची फाइल बंद करायचं मी विसरून गेले.

त्याच सुमारास डॉक्टरांनी एक नवीन गोष्ट सुचवली. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये एक बारीक झडप बसवता येते. मानेवरचं छिद्र बोटाने बंद करून बोललं की हवा झडपेतून जाते आणि आवाज येतो. जाड, घोगरा, पण आवाज. एक लहानसं ऑपरेशन, मग सराव. अण्णांनी तिथेच फोनवर लिहिलं, 'नको. हे बरं चाललंय.' आणि फोन माझ्याकडे दाखवला, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमकडे. मला बरं वाटलं, हे इथे लिहिलं पाहिजे. मी त्यांना फारसा आग्रह केला नाही.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, आई मेथी निवडत बसली होती. अण्णा खाली सोसायटीच्या बाकावर गेले होते. आई मान वर न करता म्हणाली, "ते लिहितात आणि पुसतात."

"पुसणारच. चुकत असेल काहीतरी."

"चुकत नाही. लिहितात, थांबतात, पुसतात आणि मग दुसरंच लिहितात. मला सगळं दिसतं ना इथे."

"काय लिहितात?"

तिने दोन-तीन काड्या निवडल्या. "परवा लिहिलं, 'परत त्या टेबलावर झोपायची भीती वाटते.' मी बघतच राहिले. मग ते सगळं गेलं आणि आलं, 'दूध आलं का'. मी म्हटलं, आलं."

"तू काही बोलली नाहीस?"

"त्यांनी पुसलं होतं ना. मग मी काय बोलणार?"

मी हे करताना यावर क्षणभरही विचार केला नव्हता. अक्षर त्याच क्षणी दिसलं पाहिजे, एवढीच माझी अट होती. ती मी पुरी केली होती. माणूस बोलताना मनात शब्द बदलतो, जिभेवर आलेलं गिळतो. अण्णांची ती सोय मी काढून घेतली होती.

आणि मग मला फाइल आठवली. काही बदललं की सगळा मजकूर पुन्हा पाठवला जात होता आणि तो प्रत्येक मजकूर तीन आठवडे नोंदला जात होता. म्हणजे अण्णांनी लिहिलेलं, थांबलेलं, पुसलेलं सगळं तिथे ओळीने होतं, वेळेसकट. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. वाचायचं नाही असं ठरवून मी ती फाइल उघडली, आणि वाचलं. दहा-अकरा ओळी. त्यातल्या एका जागी, सोमवारी सकाळी, एक एक अक्षर वाढत 'पोरीनं माझ्यापायी कामाचं नुकसान करू नये' तयार झालं होतं. मग ते मागून कमी होत होत संपलं होतं. त्यानंतर होतं, 'उद्या सुट्टी हाय का तुला?' तो प्रश्न मला आठवत होता. मी नाही म्हटलं होतं.

मी फाइल काढून टाकली, नोंद बंद केली, आणि ती खरंच बंद झाली आहे का ते दोनदा बघितलं.

अण्णा वर आल्यावर मी त्यांना सांगितलं. सोपं नव्हतं, पण लांबवण्यात अर्थ नव्हता. "अण्णा, तुम्ही पुसता ना, ते पुसायच्या आधी आईला दिसलेलं असतं. आणि काही दिवस ते माझ्याकडे साठत होतं. थोडं मी वाचलं. आता काढून टाकलंय."

फोन त्यांच्या हातात होता. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

दोन दिवस पाटी परत आली. तिच्यावर तेवढ्यास तेवढं लिहायचे. 'भात वाढ.' 'पंखा.' टॅबलेट फळीवर कोरा. आई त्याच्यावरची धूळ पुसायची. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी घरून काम करत होते. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. आई बेडरूममध्ये गेली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"मार्केटातनं यायचात तेव्हा तुम्ही बोलता बोलता मधेच गप्प व्हायचात," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं का? तेव्हाही कळायचं. आता नुसतं वाचता येतं, एवढंच."

ती थोडी पुढे सरकली असावी, पलंग करकरला.

"ऑपरेशन नको तर नको. पण भीती वाटते म्हणून नको म्हणताय, तर तसं म्हणा. हे बरं चाललंय, हे बरं चाललंय, असं पोरीला कशाला सांगता? ती खरं धरून बसली."

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. लॅपटॉपवर चालू असलेल्या मिटिंगमध्ये माझं नाव कुणीतरी दोनदा घेतलं. मी माइक बंद आहे असं दाखवलं.

संध्याकाळी अण्णांनी फोन हातात घेतला आणि मला समोर बसवून लिहिलं. टीव्हीवर येत होतं, पण त्यांनी फोनच माझ्यापुढे धरला. 'टीव्हीवर पुरं लिहून झाल्यावरच दिसू दे. मी पाठवलं की.'

"आणि आईच्या टॅबलेटवर? तिथेही तसंच करते."

त्यांनी मान हलवली, नाही. लिहिलं, 'तिचं हाय तसं ऱ्हाऊ दे.'

तो बदल करायला वीस मिनिटं लागली. एका जोडणीला अक्षर न अक्षर, बाकीच्यांना पूर्ण वाक्य. काकांना ते आवडलं नाही, त्यांना अर्धं वाचून उत्तर द्यायची सवय लागली होती. त्या आठवड्यात केव्हातरी आई-अण्णांचं आपसात ठरलं असावं, कारण पुढच्या तपासणीला अण्णा स्वतःच डॉक्टरांपुढे फोन धरून म्हणाले, 'ती झडप बसवा. भूल नीट द्या.'

ऑपरेशन व्यवस्थित झालं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. बोट कुठे ठेवायचं, किती दाबायचं, हवा कधी सोडायची. पहिले काही दिवस फक्त खरखर. मग एकदा 'आ' आला. मग एकदा आईला हाक मारली, म्हणजे 'अगं' म्हणाले. ती बाथरूममध्ये कपडे भिजवत होती, तिला ऐकूच गेलं नाही. मी जाऊन सांगितलं. ती साबणाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. हा पूर्वीचा आवाज नव्हता. विहिरीत कुणी तरी बोलतंय असा होता. एका श्वासात तीन-चार शब्द, मग थांबायचं. अण्णांना स्वतःलाच तो फारसा पटला नाही. बाहेरच्या माणसांपुढे ते बोलायचे नाहीत, कुणाला फोन लावून तर कधीच नाही.

एका बुधवारी दुपारी महापेला ऑफिसात मला आईच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडे खरखर, मग शांतता.

"आई? ऐकू येत नाहीये."

पुन्हा खरखर. मग कुणी तरी पुरुष, फार लांबून बोलल्यासारखा, म्हणाला, "बंद... पडलंय."

"कोण बोलतंय?"

श्वास घेतल्याचा आवाज आला. "अण्णा."

मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी गेले. मागून आईचा आवाज येत होता, सांगा, लाल रेघ आलीये म्हणून सांगा.

"लाल रेघ," अण्णा म्हणाले. थांबले. "मघापासनं. जेवायचं... इचारायचं व्हतं हिला."

सर्व्हरचं एक प्रमाणपत्र असतं, ठरावीक महिन्यांनी नवं करून घ्यावं लागतं, नाहीतर फोन सर्व्हरवर भरवसा ठेवत नाही आणि जोडणी होत नाही. ते आपोआप व्हायला हवं होतं, झालं नव्हतं. मी सांगितलं, दहा मिनिटं द्या. "बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. ते दोघं एकाच घरात, मधे एक भिंत होती. विचारायला उठून जाता आलं असतं, किंवा त्या नव्या आवाजात हाक मारता आली असती. मी ते त्यांना म्हटलं नाही. जागेवर आले, प्रमाणपत्र नवं केलं, दारवान पुन्हा चालू केला. थोड्या वेळाने पडद्यावर जोडलेल्यांचा आकडा शून्याचा एक झाला, मग दोन. मी पडद्यावरची ती खिडकी मिटली आणि मिटिंगला गेले.